पाठकोरी बाजू

आमच्या घरी पत्रक छापून आलं की पहिली प्रत, ज्याच्याविरुद्ध ते काढलंय त्याला जायची. बाबांचा हा नियम होता. गठ्ठ्याची सुतळी सोडायची, वरची प्रत उचलायची, घडी न घालता त्या माणसाच्या दारात जायचं आणि ती त्याच्या हातात द्यायची. तो घरी नसेल तर ओट्यावर बसून वाट बघायची. बाकीची पत्रकं गावात वाटायची ती त्यानंतर.

मी दुसरीत असताना बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून अशीच एक पहिली प्रत द्यायला गेले होते. नांदेडच्या आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नव्हतं आणि बाबांनी नगरसेवकांविरुद्ध गुलाबी कागद भरून लिहिलं होतं. नगरसेवक बनियनवर बसून दाढी करत होते. त्यांनी साबणाच्या हातानेच पत्रक धरलं, शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "सर, एक चूक हाय तुमची. तिसऱ्या दिवशी न्हाई, चौथ्या दिवशी येतंय पाणी. माझ्याच घरी चौथ्या दिवशी येतंय." मग त्यांनी आम्हाला चहा पाजला. घरी येऊन बाबा, आई आणि मी दुपारभर प्रत्येक प्रतीवर 'तिसऱ्या' खोडून 'चौथ्या' लिहीत बसलो. माझ्या वाट्याच्या प्रती कोणत्या, हे अक्षरावरून कुणीही सांगितलं असतं.

येताना मी बाबांना विचारलं होतं, "त्यांना आधी कामून द्यायचं? फाडून टाकलं असतं तर?"

"फाडू दे. आपल्याकडं चारशे नव्व्याण्णव हायत," बाबा म्हणाले. "पण पाठीमागून बोलायचं न्हाई. पत्रक म्हंजे तोंडावर बोलणं."

हा नियम मी एकदाच मोडला, आणि मोडला तेव्हा उदगीरला राहणाऱ्या माझ्या आत्याने आयुष्यात जे काही लिहिलं होतं ते सगळं पणाला लागलं होतं.

मी पत्रकांवर वाढले. मला वाचता आलेला पहिला शब्द 'जाहीर'. जाहीर सभा, जाहीर निषेध, जाहीर आवाहन. बाराखडी पूर्ण व्हायच्या आत हा शब्द मला लांबून ओळखू यायचा, कारण तो कायम सगळ्यात मोठ्या टायपात असायचा. आमच्या स्वयंपाकघरात एका शेगडीवर वरण आणि दुसरीवर खळ. मैदा पाण्यात कालवून ढवळत ढवळत घट्ट करायचा आणि उतरवताना मोरचूद टाकायचा, म्हणजे भिंतीवरच्या कागदाला किडे-मुंग्या लागत नाहीत. मोरचूद विषारी, म्हणून खळीचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, धुवायची जागा वेगळी. ते निळे खडे बाबा एका डबीत घालून मीटरच्या वर ठेवायचे. मला ती डबी कधीच हातात मिळाली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल मला देव्हाऱ्यापेक्षा जास्त आदर होता.

बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे आणि रविवारी पत्रकं काढायचे. धर्माबादच्या बाजारातले खोटे काटे, किनवटच्या वसतिगृहातल्या फाटक्या गाद्या, बंद पडलेली एसटीची फेरी. विषय लहान आणि आवाज मोठा. मलाही तो आवाज लागला. शाळेत बाई चुकीच्या मुलीला रागावल्या तर मी मधल्या सुट्टीत वहीच्या पानावर निषेध लिहून वर्गाच्या दाराला लावायची. आजही कुणी "जाऊ दे ना" म्हटलं की माझ्या कानशिलात काहीतरी तडतडतं.

पत्रक एकाच बाजूला छापायचं, कारण दुसरी बाजू भिंतीला चिकटते. त्यामुळे उरलेल्या प्रतींची पाठ कोरी असायची, आणि त्या पाठकोऱ्या कागदांवर आमचं घर चालायचं. माझी गणितं, आईची किराण्याची यादी, शेजारच्यांना निरोप, सगळं निषेधाच्या पाठीवर. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. सगळ्यांच्याच घरी असेच कागद असतात असं मी धरून चालले होते.

मी नववीत असताना बाबांच्या कपाटातली पत्रकं पिवळी पडून कडेने तुटायला लागली. तेव्हा नांदेड आणि लातूरकडच्या बाबांच्या जुन्या सोबत्यांनी ठरवलं की ज्याच्या-त्याच्या घरातली पत्रकं गोळा करायची आणि त्यांचं एक संकेतस्थळ करायचं, म्हणजे कुणालाही कुठूनही वाचता येतील. स्कॅन करायचं काम माझ्याकडे आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रोज एका झेरॉक्सच्या दुकानात बसून पत्रकं एकेक करून काचेवर पालथी घालायची.

संकेतस्थळाला जागा दिली ती लातूरच्या दादांनी. कॉलेजात असताना ते बाबांबरोबर भिंतीभिंतींवर पोस्टरं चिकटवत फिरले होते. खळ कशी करायची ते बाबांनीच त्यांना शिकवलं होतं. पुढे त्यांनी लातूरच्या ट्युशन एरियात दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं आणि क्लासवाल्यांच्या वेबसाइटी करून द्यायला लागले. सगळ्या साइटी ज्या मशीनवर ठेवल्या होत्या ते मशीन त्यांचं नव्हतं. कुठल्याशा कंपनीकडून त्यांनी ते भाड्याने घेतलं होतं आणि त्याच्यातली थोडी थोडी जागा पुढे दिली होती. त्यातलाच एक कोपरा आमचा.

प्रत्येक पत्रकाखाली आम्ही एक चौकट ठेवली होती: 'तुमची आठवण लिहा'. पहिलं वर्षभर तिथे बाबांचे सोबतीच लिहायचे आणि सगळे एकच लिहायचे, "जळजळीत पत्रक! सलाम!" मग एका दुपारी बाजारभावाच्या एका जुन्या पत्रकाखाली हे दिसलं:

"हे पत्रक हिरव्या कागदाचं होतं, फोटूत पिवळं दिसायलंय. याच्या पाठीवर मी सासूबाईच्या औषधाच्या वेळा लिहून भिताडाला लावल्या होत्या. सासूबाईला वाचता येत नव्हतं पण रोज तिकडं बोट करून विचारायच्या, कागद काय म्हणतो?"

आत्या! बाबांची थोरली बहीण. चौथीपर्यंत शिकलेली, उदगीरला भुसाराच्या दुकानवाल्या घरात दिलेली. बाबा तरुणपणी उदगीरमध्ये वाटायला म्हणून रेल्वेने पत्रकांचे गठ्ठे तिच्या घरी पाठवायचे. आत्याच्या नवऱ्याला त्याची लाज वाटायची. ते गठ्ठे पलंगाखाली ढकलून द्यायचे. दुकानात वह्या होत्या, पण त्या दुकानाच्या. आत्याच्या हाताला लागलेला पहिला स्वतःचा कागद म्हणजे बाबांच्या निषेधाची पाठ. तिथे ती जे लिहायची ते बहुतेक चुलीत गेलं, काही पावसात भिजलं. आता सत्तरीत नातवाच्या जुन्या मोबाइलवर एका बोटाने टाइप करून ती एकेका पत्रकाखाली लिहून ठेवायला लागली की हे माझ्याकडे होतं आणि याच्या पाठीवर मी हे लिहिलं होतं.

"याच्या पाठीवर माहेरला पत्र लिहिलं. टाकलं न्हाई. लिहून झाल्यावर बरं वाटलं, मग टाकायचं कारण राहिलं न्हाई."

"या पत्रकावर मी माझं नाव लिहिलं, सासरचं न्हाई, माहेरचं. दोनदा लिहिलं. मग चुलीत घातलं."

बाबांनी पहिल्यांदा वाचलं तेव्हा फोन लावून हसले. "अक्का, आम्ही जीव तोडून लिहिलं आन् तू त्याच्यावर औषधाच्या वेळा लिहिल्या?"

"मग?" आत्या म्हणाली. "तुझं पत्रक भिताडावर आठ दिवस राह्यलं असंल. माझं दोन वर्षं होतं."

आठवड्यातून एकदा दुपारी, घरातली सगळी झोपली की ती लिहायची. किती तरी वर्षं. कागदावर नाही, वहीत नाही, थेट त्या चौकटीत. घरात कुणाला माहीत नव्हतं. लिहून झालं की मला फोन, "बघ गं, उमटलं का?" मी म्हणायची, "उमटलं." मग ती फोन ठेवायची.

नंतर नंतर ते उमटेना.

आधी दिवसातून तासभर साइट बंद पडायची. मग दिवसभर. आत्याचा फोन यायचा, "माय, माझं दिसत न्हाई." मी लातूरला फोन लावायची. दादा म्हणायचे, "होतंय, होतंय. दहा मिनिटं." दादांची दहा मिनिटं कधी चार तासांची असायची, कधी तीन दिवसांची. हळूहळू मला त्यातली गोम कळली. क्लासच्या परीक्षांचे निकाल लागले की हजारो पोरं एकाच वेळी मार्क बघायला यायची आणि मशीन मान टाकायचं. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांचे मार्क आणि सासूबाईंच्या औषधाच्या वेळा एकाच मशीनवर! मी बाबांना म्हणायची की इथून हलू या. बाबा म्हणायचे, "आपला माणूस हाय. खळ ढवळलेला."

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला साइट सलग आठ दिवस बंद राहिली. परत आली तेव्हा काही पत्रकांच्या जागी नुसती रिकामी खोकी दिसत होती. आत्या म्हणाली, "उन्हाळ्यातलं माझं दिसत न्हाई गं." मी तिला फोन बंद करून परत चालू करायला सांगितलं. दादांनी त्या आठवड्यात माझा एकही फोन घेतला नाही.

माझ्या कानशिलात तडतडायला लागलं होतं. मी साइटवरची पत्रकांची सगळी चित्रं पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, गहाळ झालेली बाबांच्या कपाटातून पुन्हा स्कॅन केली, आणि मग जन्मभर ज्याची वाट बघितली होती ते केलं. स्वतःचं पत्रक लिहिलं. पिवळा कागद, वर मोठ्या टायपात 'जाहीर निषेध!' आणि खाली, "लोकांच्या आठवणी क्लासच्या निकालांखाली जाणूनबुजून गाडल्या जात आहेत." दादांचं नाव नव्हतं, पण ट्युशन एरियात राहणाऱ्या कुणालाही कळलं असतं. तीनशे प्रती छापल्या. लातूरला शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे गठ्ठा एसटीने पाठवला आणि तिने तो एका संध्याकाळी चहाच्या टपऱ्यांवर वाटून टाकला. मी नांदेडमध्ये घरी बसून होते.

बाबांनी पत्रक वाचलं. शुद्धलेखनाची एक चूक दाखवली. मग विचारलं, "पहिली दिलीस का त्याला?"

"बाबा, आता असं कोण करतं?"

त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला आणि डबी बंद केली.

दोन दिवसांनी दादांचा संदेश आला. "पत्रक मिळालं. टपरीवर, भज्याखाली. महिनाअखेर हे मशीन मी सोडणार आहे, नंतर सगळं पुसलं जाईल. ज्याचं त्यानं बघावं." मी आमच्या कोपऱ्यात शिरायला गेले तर पासवर्ड बदललेला.

मी घाबरले नाही. उलट फुशारकीने सगळ्यांना सांगितलं की काळजी नको, आपल्याकडे सगळं आहे. बाबांच्या सोबत्यांनी मिळून दुसऱ्या एका कंपनीकडे, या वेळी आमच्याच नावाने, जागा घेतली. एका दुपारीत मी सगळी चित्रं तिथे चढवली. पत्रकं अशी स्वच्छ आणि चटकन उघडायला लागली की मीच बघत बसले. मग उदगीरला फोन लावला.

"आत्या, बघ. आलं सगळं."

फोन कानावरून काढून ती बघायला लागली. बोटाने वर-खाली करत असणार.

"आलं की. लई चकाचक हाय," ती म्हणाली. मग, "माय, माझं कुठंय?"

मी खाली सरकवून बघितलं. प्रत्येक पत्रकाखाली 'तुमची आठवण लिहा' अशी चौकट होती आणि ती रिकामी होती. संकेतस्थळावरची चित्रं एका ठिकाणी असतात आणि लोकांनी लिहिलेलं दुसऱ्या ठिकाणी, एका वेगळ्या कोठीत. हे मला माहीत होतं. अगदी नीट माहीत होतं. तरी उतरवून घेताना माझ्या डोळ्यांसमोर पत्रकंच होती. 'सलाम' लिहिणारे सोबती, मी, आम्ही सगळ्यांनी छापील बाजू तेवढी उचलून आणली होती आणि पाठ तिथेच सोडली होती.

"आत्या, तू तुझ्याकडे कुठे लिहून..."

"न्हाई गं. कुठं लिहू?"

मी पुन्हा पुन्हा खाली सरकवत राहिले.

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून ते दोन शब्द ऐकताना मला पहिल्यांदा तडतडलं नाही. "परत लिहीन म्हणलं तरी तेच न्हाई येणार. सासूबाईचं बोट कसं होतं ते त्या दिवशी आठवलं होतं." मग एकदम व्यवहाराच्या आवाजात, "महिना संपायला किती दिवस हायत?"

"नऊ."

"मग फोनवर काय बोलत बसलीस? जा की त्याच्याकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा बाबांनी कपाटातून माझ्याच पत्रकाची एक प्रत काढली. घडी न घातलेली, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलेली. त्यांनी ती पहिल्याच दिवशी गठ्ठ्यातून बाजूला काढली होती. "उशीर झाला," ते म्हणाले, "पण पहिली हीच."

एसटीत मी ते पुठ्ठे मांडीवर उभे धरून बसले. लोह्याला चढून शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "लग्नाची पत्रिका हाय का माय?" मी म्हटलं, भांडणाची आहे. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि अहमदपूर येईपर्यंत मला भांडणं मिटवायचे तीन उपाय सांगितले. तिन्हींत आधी आपण चहा पाजायचा होता.

दादांचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानावर. जिना चढताना दोन्ही भिंतींवर पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो. मी दादांना फार वर्षांनी बघत होते. केस गेले होते, कानाला फोन होता आणि पलीकडून कुणीतरी त्यांना रागवत होतं. "होतंय सर, होतंय. दहा मिनिटं." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"या ताई. निषेध करायला आल्या का?"

"पहिली प्रत द्यायला आले."

"वाटून झाल्यावर?"

"हाव."

मी पुठ्ठे उघडून पत्रक पुढे धरलं. त्यांनी लगेच घेतलं नाही. माझा हात तसाच. रस्त्यावर क्लास सुटला होता, पोरांच्या सायकलींच्या घंट्या ऐकू येत होत्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी कागद घेतला आणि सावकाश, ओळीवर बोट ठेवून, शेवटपर्यंत वाचला.

"सर यायचे अशी प्रत घेऊन लोकांकडं," ते म्हणाले. "मी सायकल धरून उभा राहायचो बाहेर. एकदा वाटलं होतं, आपल्याविरुद्ध कोणी काढलं तर असंच कोणीतरी हातात आणून देईल. मला भज्याखाली मिळालं. तेलानं अर्धं वाचता पण आलं न्हाई."

"चुकलं माझं."

"आन् एक चूक पत्रकात हाय." त्यांचं बोट 'जाणूनबुजून'वर होतं. "मशीन जुनं हाय. कंपनी बदलून देईना गेली. मी सकाळपासून क्लासवाल्यांच्या शिव्या खाऊन राहिलो. जाणूनबुजून शिव्या कोण खातं?"

त्यांच्या टेबलावरचं पेन मी घेतलं आणि तो शब्द खोडला.

"आता त्या जागी काय लिहितीस?"

मी विचार केला. मला माझ्या आत्याचं लिखाण हवं होतं, ते या माणसाच्या हातात होतं, आणि तिथे काहीही गोड लिहिता आलं असतं. मी 'निष्काळजीपणाने' असं लिहिलं.

दादांनी वाचलं. मान हलवली. मग हसले, आधी नाकातून आणि मग मोठ्याने. "सरांचीच पोरगी. हे मात्र खरं हाय. लिही, लिही. आठ दिवस बंद होतं तेव्हा मी लाजेनं फोन उचलला न्हाई."

खालून चहा आला. त्यांनी पाजला, एसटीतल्या बाईचा उपाय उलटा लागू झाला. चहा पिताना ते बाबांबद्दल विचारत राहिले. खळ अजून करतात का, मोरचुदाची डबी मीटरवरच असते का. "एकदा मी मोरचूद टाकायचा विसरलो," ते म्हणाले. "स्टेशनजवळची सगळी पोस्टरं दोन दिवसांत मुंग्यांनी खाऊन टाकली. मला वाटलं सर रागावतील. पण सरांनी एक निळा खडा कागदात बांधला आन् माझ्या शर्टाच्या खिशात टाकला. म्हणाले, जवळ ठेव. तो खडा मी लग्न होईपर्यंत ठेवला होता. बायकोनं फेकला, विष घरात कशाला म्हणून."

मग कप ठेवून म्हणाले, "पण चित्रं तर तू कवाच नेलीस. मी बघितलं. मग आता काय राहिलं?"

"आत्याचं राहिलं."

"उदगीरच्या अक्कांचं?" ते खुर्चीत सरळ झाले. "ते न्हाई नेलंस? अगं, मी तर तेच वाचायला जायचो. पत्रकं मला पाठ हायत, मीच चिकटवली. कागद काय म्हणतो, हे मी आमच्या घरी सगळ्यांना सांगितलंय."

त्यांनी माझं पत्रक उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर दोन ओळी लिहिल्या. पहिलीत कोठीचं नाव, दुसरीत तिची किल्ली. रागाच्या भरात बदललेला पासवर्ड होता तो. इंग्रजी अक्षरांत 'मोरचूद', पुढे दोन आकडे.

"इथंच बस आन् उतरवून घे. मशीनचा भरवसा न्हाई, आता हाय, घंट्यानं नसंल."

मी त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर माझा लॅपटॉप उघडला. मध्ये दोनदा तुटलं, तिसऱ्यांदा सगळं आलं. सगळं म्हणजे उन्हाळ्याचे तीन महिने सोडून. आठ दिवसांच्या त्या बंदनंतर दादांनी कोठीची आधी काढून ठेवलेली जुनी प्रत लावली होती आणि मधलं गेलं होतं. आत्याने मला तेव्हाच सांगितलं होतं. मी तिला फोन बंद करून चालू करायला लावला होता.

निघताना मी पत्रक परत करायला गेले. शेवटी ती त्यांची प्रत होती. ते म्हणाले, "अक्कांना दे. पाठकोरं त्यांच्याकडं जाऊ दे."

नांदेडला येऊन मी कोठी नव्या जागेत ओतली तेव्हा सगळी अक्षरं विस्कटून भलतीच चिन्हं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच उदगीरहून फोन. "हे काय, कानडी केलंस का माझं? पर कानडी मला वाचता येतंय, हे कानडी बी न्हाई." ती हसत होती, म्हणून मला रडू आलं नाही. दुपारपर्यंत मी ते निस्तरलं. मग तिचं एकेक वाक्य जागेवर बसताना बघितलं, औषधाच्या वेळा, न टाकलेलं पत्र, दोनदा लिहिलेलं नाव. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी पहिल्यांदाच पत्रकं न वाचता फक्त खालचं वाचलं. एका ठिकाणी थांबले. "मला वाटायचं अक्का गठ्ठे गावात वाटते," म्हणाले.

माझं पिवळं पत्रकही मी साइटवर ठेवलं, खोडलेल्या शब्दासकट. मूळ कागद घेऊन बाबा स्वतः रेल्वेने उदगीरला जाऊन आले. महिना संपला, जुनं मशीन बंद झालं. त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी त्या पत्रकाखालची चौकट भरली:

"हे पत्रक पिवळ्या कागदाचं. लिहिणारी माझी भाची. एक शब्द खोडलाय, तो बरा खोडला. याच्या पाठीवर लातूरच्या पोरानं असं लिहिलंय." आणि पुढे कोठीचं नाव आणि पासवर्ड, एकेक अक्षर, दोन आकड्यांसकट, जसाच्या तसा. "त्याच्या खाली बरीच जागा हाय. उन्हाळ्यातलं गेलं ते आठवंल तसं तिथं लिहायलेय."

मी दचकून ते काढायला धावले. मग थांबले आणि तिला फोन लावला.

"आत्या, किल्ली अशी सगळ्यांना सांगायची नसते."

"कुलूप हाय का अजून?"

"न्हाई. गेलं."

"मग राहू दे की," ती म्हणाली. "उमटलं का ते सांग."